लादीच्या सांध्यांतील पांढरी झाक : फरसबंदीच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

डहाणू तालुक्यातील विवळवेढे हे गाव महालक्ष्मीच्या देवस्थानामुळे सर्वश्रुत आहे. चैत्री पौर्णिमेपासून भरणारी तेथील यात्रा आणि आसमंतातील वारली समाजाची भित्तिचित्रे यांविषयी पुष्कळ लेखन झाले. पायाखालच्या जमिनीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले घर ही या भागाची जुनी रीत. आज मुंबई-अहमदाबाद महामार्गाने लादीही येथवर पोहोचली आहे, आणि तिच्याबरोबर सारवलेल्या घरात कधीच न उद्भवलेला एक प्रश्न आला आहे : नव्या लादीच्या सांध्यांत भरलेल्या सिमेंटची पृष्ठभागावर राहिलेली झाक व सांध्यांचा विटलेला रंग कसा घालवावा?

हा प्रश्न वरवर गवंडीकामाचा वाटला तरी त्याचे मूळ बांधकामद्रव्यांच्या इतिहासात आहे. सारवण हे पुन्हापुन्हा करावयाचे काम असल्याने एका वेळचा डाग पुढच्या सारवणाखाली बुजतो. एकदाच करून कायम टिकावी अशी जिची अपेक्षा, त्या जमिनीवरच डाग हा दोष ठरतो. चुन्याचा कोबाही टिकाऊच; पण घाणीत मळलेला चुना चोपण्यांनी दिवसचे दिवस चोपून, ओला ठेवून, सावकाश मुरविला जाई. हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून तो घट्ट होई. तेथे पांढरेपणा हेच जमिनीचे अंग होते.

सिमेंटाने ही सवड काढून घेतली. पोर्टलँड सिमेंटचे एकस्व जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडात घेतले. भारतात पोरबंदर येथील कारखान्यात त्याचे उत्पादन १९१४ साली सुरू झाले. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना कळीचा विरलेला चुना मोकळा होतो. सांध्यात पाणी अधिक असले की तो चुना पाण्याबरोबर वर येतो, आणि हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर त्याचा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. म्हणजे जी झाक आपण खरवडू पाहतो ती रसायनदृष्ट्या कोब्यातील घट्ट झालेल्या चुन्याहून निराळी नाही. पूर्वी जे हवे होते तेच आता नको झाले, एवढाच फरक.

झाक काढण्यासाठी आम्ल वापरण्याचा प्रघात सर्वत्र आहे. येथे लादीची जात पाहणे अगत्याचे ठरते. मुंबईच्या अफगाण चर्चसारख्या एकोणिसाव्या शतकातील वास्तूंत इंग्लंडातून आणलेल्या भाजलेल्या रंगीत लाद्या बसविल्या गेल्या. त्यांच्या पृष्ठभागावर सौम्य आम्लाचा परिणाम फारसा होत नाही. परंतु १९२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्स या स्वदेशी उद्योगासारख्यांनी जी रंगीत लादी बनविली ती भाजलेली नव्हे. ती दाबयंत्रात घडविलेली व पाण्यात पक्की केलेली सिमेंटची लादी होय. तिचा नक्षीचा थर मूळचाच पातळ असतो. अशा लादीवर आम्ल ओतणे म्हणजे झाकेबरोबर नक्षीही धुऊन टाकणे. शहाबादी फरशी चुनखडकाची; तिचीही गत तीच. जुन्या वाड्यांतील व चाळींतील फिकट, खरबरीत झालेल्या लाद्या पाहून त्यांचे वय अजमावणाऱ्याने त्या किती वेळा आम्लाने धुतल्या गेल्या असाव्यात, हेही विचारात घ्यावयास हवे.

खरा उपाय झाक पडण्यापूर्वीचा आहे. सांधे भरल्यावर मसाला किंचित आवळू लागला की घट्ट पिळलेल्या स्पंजाने सांध्याला तिरपे पुसावे. सांध्याच्या दिशेने पुसल्यास मसाला उपसला जातो. वारंवार ओल्या फडक्याने पुसण्याचा उत्साह मात्र अंगाशी येतो : पाणी जिथे अधिक मुरते तिथे रंगीत सांधा फिका पडतो, आणि एकाच खोलीत दोन छटा दिसू लागतात. झाक वाळलीच तर आधी कोरड्या, खरबरीत कापडाने घासून पाहावे. भाजलेल्या लादीवर तेवढ्याने भागले नाही, तर मसाला पुरता पक्का झाल्यावर सांधे पाण्याने तृप्त करून सौम्य सल्फॅमिक आम्ल लावावे व लगेच भरपूर पाण्याने धुवावे. कोरड्या सांध्यात आम्ल मुरते आणि त्यालाच खाते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे बाष्प नळ व कड्याही गंजविते. इपॉक्सीने भरलेल्या सांध्यांना यांपैकी काहीच लागू नाही. ते घट्ट होण्याआधीच पुसावे लागतात.

पुसल्यावर काही दिवसांनी पुन्हा येणारी पांढरी भुकटी निराळी. ती भिंतीवरील लोण्याची सख्खी भावंड : जमिनीतील ओलीबरोबर क्षार वर येतात आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहतात. ती पाण्याने धुतल्यास विरघळून पुन्हा सांध्यातच शिरते, म्हणून कोरड्या कुंचल्याने झाडून काढणे इष्ट. डहाणू-तलासरीसारख्या मुसळधार पावसाच्या भागात पावसाळा सरता सरता ती दिसू लागली, तर दोष सांध्यात नसून लादीखालच्या भरावात आहे असे समजावे. मग गवंड्याला पुन्हा बोलावून जमीन उकरण्यावाचून गत्यंतर नसते.