संहिता आणि पठण : चौलच्या निमित्ताने

हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, बगदादचा इतिहासकार अल्-मसूदी 'सैमूर' बंदरात आला. हे सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौल. तेथे सुमारे १०,००० मुसलमानांची वस्ती असून तीत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक व येथेच जन्मलेली त्यांची संतती होती, अशी त्याची नोंद आहे. व्यापाराच्या इतिहासात ही नोंद पुष्कळ वापरली गेली. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तीतून वेगळा प्रश्न सुचतो : या वस्तीसाठी कुराणाची 'संहिता' म्हणजे नेमके काय होते?

परंपरा सांगते ती हकीकत अशी. यमामाच्या लढाईत अनेक पाठक मारले गेले, तेव्हा उमर यांच्या आग्रहावरून पहिले खलिफा अबू बक्र यांनी जैद इब्न साबित यांच्याकडे संकलनाचे काम सोपवले. खजुराच्या झावळ्या, पातळ दगड आणि माणसांची स्मृती ही त्यांची साधने. ही पाने पुढे पैगंबरांच्या पत्नी हफ्सा यांच्याकडे राहिली. इ. स. ६५०च्या सुमारास तिसरे खलिफा उस्मान यांनी त्यांवरून प्रती करवून प्रमुख शहरांना पाठवल्या व इतर प्रती जाळण्याचा आदेश दिला. १९७२ मध्ये येमेनमधील सना येथे सापडलेल्या चर्मपत्रांत एका हस्तलिखितावरील पुसलेला खालचा पाठ शब्दांत व सूरांच्या क्रमात रूढ पाठाहून वेगळा आहे. प्रमाणीकरणापूर्वीची विविधता केवळ आख्यायिका नव्हती, याचा हा लेखी पुरावा होय.

परंतु उस्मानी प्रतींनी प्रश्न संपला नाही. त्या काळच्या लिपीत स्वरचिन्हे नव्हती आणि नुक्तेही क्वचितच दिले जात. पहिल्याच सूरेतील एक शब्द कोणी 'मालिक' (स्वामी) वाचतो, कोणी 'मलिक' (राजा). लिपीचा सांगाडा दोन्हींना सामावून घेतो. कोणता उच्चार ग्राह्य, हे गुरुमुखातून आलेले पठणच ठरवी. मदिना, मक्का, दमास्कस, बसरा व कूफा येथील सात पठणांना बगदादच्या इब्न मुजाहिद (मृत्यू ९३६) यांनी अधिमान्यता मिळवून दिली. उस्मानी पाठाबाहेरचे पठण केल्याबद्दल इब्न शनबूध यांच्यावर ९३५ मध्ये चौकशी होऊन त्यांना माघार घ्यावी लागली. म्हणजे मसूदी चौलला आला तेव्हा लिखित पाठ स्थिरावून अडीच शतके उलटली होती, तरी पठणाच्या मर्यादा अजून आखल्या जात होत्या. बसरा व बगदादशी नाते सांगणारी ही वस्ती त्या घडणीची समकालीन होती.

आपल्या पाठचिकित्सेला येथे विचार करण्याजोगे काही आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्या आदर्शाच्या प्रभावाखाली आपण एकच 'मूळ' पाठ गृहीत धरतो आणि उरलेल्यांना 'भ्रष्ट' म्हणतो. मौखिक परंपरा तर भ्रष्टतेचे उगमस्थानच ठरवतो. इब्न मुजाहिद यांनीही मर्यादा घातली, पण तिच्या आत सात पाठभेद सारखेच प्रमाण मानले. आणि लेखनाला नियंत्रित करणारी शक्ती पठणाकडेच राहिली. प्रमाणीकरण म्हणजे पाठभेदांचा नाश नव्हे, त्यांची मोजदादही असू शकते. गाथांच्या व ओव्यांच्या संपादनात आपण ही शक्यता तपासून पाहिलेली नाही.