सायकल परत कोण आणणार?

लहानपणी आमच्या गावात तासाच्या हिशोबाने सायकल भाड्याने मिळे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई. अनामत मागत नसे, कारण आपण कोणाचा मुलगा हे त्याला ठाऊक असे. तास संपला की सायकल त्याच दुकानात परत. घेणाऱ्याची ओळख आणि परतीची ठरलेली जागा या दोन गोष्टी आपण तेव्हा गृहीतच धरत होतो. मोठ्या शहरांनी त्या दोन्ही सोडून द्यायचे ठरवले तेव्हा काय झाले, याची हकिगत साठ वर्षांची आहे. तिचा सर्वांत अवघड भाग शहराच्या वेशीवर, उपनगरात घडला.

सुरुवात ॲमस्टरडॅममध्ये झाली. 1965 च्या जुलैमध्ये ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर सोडून दिल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, काम झाले की तिथेच ठेवावी. या कल्पनेचा जनक लूड स्खिमेलपेनिंक. नगरपालिकेने अशा हजारो सायकली पुरवाव्यात असा त्याचा प्रस्ताव होता, तो फेटाळला गेला. रस्त्यावरच्या मूठभर सायकली पोलिसांनी उचलून नेल्या. कारण मोठे गमतीचे होते. सायकल कुलूप न लावता ठेवणे नियमाविरुद्ध होते!

ओळख नको, पण निदान अनामत असावी, हा पुढचा विचार. 1995 साली कोपनहेगनने सुमारे हजार सायकली उभ्या केल्या. खाचेत नाणे टाकले की सायकल सुटे. सायकल परत लावली की नाणे हाती येई. पण नाण्यावर नाव नसते. शिवाय सायकल शहराच्या मध्यभागातच चालवायची, हद्दीबाहेर नेली तर दंड. उपनगराचा प्रश्न त्यांनी असा नकाशावर रेघ मारून सोडवला, म्हणजे टाळलाच. 1998 साली फ्रान्समधल्या रेन शहरात नाण्याऐवजी कार्ड आले, आणि दुकानदाराची वही नव्या रूपात परत आली. 2005 मध्ये लिओं आणि 15 जुलै 2007 रोजी पॅरिस याच वाटेने गेले. पॅरिसमधल्या योजनेचे नाव ‘वेलिब’. खर्च एका जाहिरात कंपनीने करायचा आणि बदल्यात शहरातले जाहिरात फलक वापरायचे, असा तो व्यवहार होता.

ओळखीचा प्रश्न बराचसा सुटला. (बराचसाच, चोरीला गेलेल्या आणि मोडलेल्या सायकलींची संख्या काही वर्षांतच हजारांत गेली.) आता उरला परतीचा प्रश्न.

आमच्या संस्थेचे आवार टेकडीवर आहे. काही वर्षांपूर्वी तिथे सर्वांसाठी सायकली ठेवल्या. पंधरा दिवसांत दिसले की संध्याकाळी सगळ्या सायकली खालच्या फाटकाशी आणि वर एकही नाही. आम्ही भौतिकीवाले असूनही हे आधी सुचले नव्हते, याची थोडी लाज वाटली.

पॅरिसमध्येही हेच झाले. सेन नदीचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे तीस मीटरवर, तर मोंमार्त्रची टेकडी सुमारे एकशेतीस मीटर. वेलिबची सायकल बावीस किलोची. माणूस धरून वजन साधारण शंभर किलो मानू. शंभर मीटर चढायला सुमारे एक लाख ज्यूल ऊर्जा लागते. बेताने पायडल मारणारा माणूस शंभर वॅट देतो असे धरले, तर केवळ चढापायी हजार सेकंद, म्हणजे सतरा मिनिटे गेली. उतरताना हीच ऊर्जा फुकट. मग सायकल वर कोण नेणार? 2008 साली पॅरिसने उंचावरच्या सुमारे शंभर स्टँडवर सायकल परत करणाऱ्याला पंधरा मिनिटे जादा देऊ केली. आमच्या सतरा मिनिटांशी हा आकडा जुळतो तो योगायोगच असावा, पण हिशोब नववीच्या वर्गात करून पाहण्याजोगा आहे. बक्षिसाने काम पुरते भागले नाही. उरलेल्या सायकली गाड्यांत भरून हलवाव्याच लागत.

उपनगरात चढ नसला तरी सकाळ आणि संध्याकाळ हाच चढ-उतार. सकाळी सगळे घरातून रेल्वे स्टेशनकडे निघतात. आठ वाजता वस्तीतला स्टँड रिकामा आणि स्टेशनचा भरून ओसंडलेला. पुढे दिवसभर ती सायकल उभीच. शहराच्या मध्यात एकाने ठेवलेली सायकल लगेच दुसरा उचलतो. उपनगरात ती सकाळी एकदा चालते आणि संध्याकाळी एकदा. स्टँडचा खर्च मात्र दोन्हीकडे तोच.

दुसरी अडचण क्षेत्रफळाची. सायकलीसाठी माणूस फार चालत नाही, म्हणून पॅरिसने साधारण दर तीनशे मीटरवर स्टँड ठेवले. तीनशे मीटर बाजूच्या चौकोनाला एक स्टँड, म्हणजे एका चौरस किलोमीटरला अकरा. पॅरिस 105 चौरस किलोमीटर, म्हणून साडेअकराशे स्टँड. प्रत्यक्षातही ते सुमारे बाराशेच होते. आता आसपासची उपनगरे धरून जो महानगर प्रदेश 2016 मध्ये स्थापन झाला त्याचे क्षेत्रफळ घ्या: 814 चौरस किलोमीटर. त्याच दाटीने नऊ हजार स्टँड लागतील! लोकसंख्या मात्र जेमतेम साडेतीनपट. विरळ ठेवावे तर स्टँड घरापासून लांब पडतो, आणि मग तो कोणी वापरत नाही.

म्हणून पहिला विस्तार अगदी बेताचा ठरला: पॅरिसच्या हद्दीबाहेर दीड किलोमीटरची पट्टी, तिच्यातली सुमारे तीस गावे. तेवढ्यावरही खटला झाला. प्रतिस्पर्धी जाहिरात कंपनीचे म्हणणे असे, की नवीन प्रदेश म्हणजे नवीन निविदा हवी. प्रकरण फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेले, आणि 2008 च्या जुलैमध्ये तिथे पॅरिसच्या बाजूने निकाल लागला. पॅरिसभोवती 1973 साली पूर्ण झालेला पस्तीस किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग आहे. त्याच्या आत राहणारा आणि बाहेर राहणारा यांत मोठे अंतर मानले जाते. सायकलीने ती रेघ ओलांडली ही गोष्ट माझ्या मते स्टँडच्या संख्येपेक्षा महत्त्वाची होती.

2018 च्या जानेवारीत नवा कंत्राटदार आणि नवी रचना आली. योजना आता पॅरिसची एकटीची न राहता गावांच्या संघाची झाली. ज्या गावाला हवे त्याने सामील व्हावे आणि खर्चाचा वाटा उचलावा. सुरुवात फसली. वेळेवर जेमतेम काही डझन स्टँड उभे राहिले, अनेकांना महिनोन् महिने विजेची जोडणी नव्हती. पुढे गाडी रुळावर आली आणि साठाहून अधिक गावे संघात आली. सुमारे एक तृतीयांश सायकलींना विजेची मोटर बसवली गेली, म्हणजे लांबचे अंतर आणि चढ दोन्ही काहीसे सोपे. पण सहभाग ऐच्छिक असल्याने नकाशावर भोके राहिली. एका गावात स्टँड आहे, शेजारच्या गावात नाही. तिथल्या माणसाला सायकल घरापर्यंत नेता येते, पण सोडता येत नाही.

आपल्याकडे 2017 साली पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये स्टँडशिवायच्या, मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या सायकली आल्या. दोन-तीन वर्षांत त्या बहुतेक दिसेनाशा झाल्या.

आपल्या गावाचा किंवा उपनगराचा नकाशा मुलांना द्या. बसथांबा, शाळा, बाजार, दवाखाना यांवर खुणा करायला सांगा आणि तीनशे मीटरच्या चौकोनांनी नकाशा भरून स्टँड मोजायला लावा. मग विचारा: सकाळी दहा वाजता कुठला स्टँड रिकामा असेल, आणि तो भरायला टेम्पो कोणत्या रस्त्याने न्यावा? आमच्या संस्थेत तो रोज संध्याकाळी साडेसहाला वर जातो.