आठवा सर्व्हर आणि टेंभी नाक्याचा मंडप

 

टेंभी नाक्यावर राहणाऱ्याला नवरात्रात झोप लागत नाही, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. १९७८ साली आनंद दिघ्यांनी सुरू केलेला हा उत्सव, त्याचा तो भलाथोरला मंडप आणि दर्शनाची रांग. माझी झोप मात्र एका वर्षी वेगळ्याच कारणाने उडाली होती. शुक्रवारची रात्र, माझी पहिली नोकरी, आणि प्रॉडक्शनच्या पाच मशीनपैकी एक गचकलं. पाचही मशीन "सेम टू सेम" आहेत असं मला सांगण्यात आलं होतं. हाताशी एक डॉक्युमेंट होतं, त्यात त्रेचाळीस पायऱ्या. सतराव्या पायरीवर लिहिलं होतं: मागच्या वेळसारखंच करणे.

मागच्या वेळी ते ज्यांनी केलं होतं ते सर नोकरी सोडून गेले होते. रात्री दोन वाजता त्यांना फोन लावला. बिचाऱ्यांनी उचलला. पहिलं वाक्य, "अरे, तो खोका अजून चालू होता?"

चार वाजता नवं मशीन उभं राहिलं, सगळ्यांनी पाठ थोपटली. तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाईकाच्या माणसाने चुकून ऑर्डरींचं एक टेबल उडवलं. बॅकअप काढायला गेलो तर त्या शुक्रवारनंतरचा एकही नाही! रात्रीचा बॅकअप घेणारी एक ओळ जुन्या मशीनवर कुणीतरी कधीतरी हाताने टाकली होती. ती डॉक्युमेंटमध्ये नव्हती, सरांनाही आठवली नव्हती. तीन आठवड्यांच्या ऑर्डरी त्या गिऱ्हाईकाच्या दोन मुलींनी कुरिअरच्या पावत्यांवरून पुन्हा टाईप केल्या. त्यातली एक मला फोनवर शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही मशीन बदललं तेव्हा आम्हाला सांगायचं तरी." तिने ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी या विषयाचा इतिहास वाचत आलोय. मशीन कसं बनवायचं याच्या पायऱ्या लिहायच्या, की मशीन कसं असायला हवं हे लिहायचं? ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो, पण गेली तीस-बत्तीस वर्षं बरीच हुशार डोकी याच प्रश्नावर खपली आहेत.

सुरुवात १९९३ साली ऑस्लोमध्ये. मार्क बर्जेस नावाचा भौतिकशास्त्राचा माणूस विद्यापीठातली युनिक्स मशीनं सांभाळत होता. प्रत्येक मशीनचा युनिक्स वेगळा, त्यामुळे प्रत्येकासाठी वेगळ्या स्क्रिप्टा. कंटाळून त्याने सीएफइंजिन लिहिलं. त्यात "हे कर, मग ते कर" असं सांगायचं नसतं. ही ओळ या फाईलमध्ये असली पाहिजे, या फाईलची परवानगी अशी असली पाहिजे, एवढंच सांगायचं. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा येऊन बघतो आणि बिघडलं असेल तेवढंच दुरुस्त करतो. १९९८ साली त्याने यावर जो निबंध वाचला त्यात तुलना थेट शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीशी होती. ताप आला की शरीर मॅन्युअल उघडून बसत नाही, हळूहळू मूळ तापमानाकडे येतं. तसंच मशीनचं. २००५ मध्ये ल्यूक केनीजचं पपेट आलं, तेही याच घराण्यातलं.

पण यात एक गोची आहे. आपण जे सांगितलं तेवढंच दुरुस्त होतं. जे सांगायचं राहिलं ते तसंच पडून राहतं. आमच्या जुन्या इमारतीसारखं. दरवर्षी कुठे प्लॅस्टर, कुठे नवा पाईप, पण भिंतीत १९७० सालची कोणती वायर कुठून जाते ते देवालाच ठाऊक. शिवाय क्रम. २००२ साली स्टीव्ह ट्रॉगॉट आणि लान्स ब्राऊन यांनी क्रमाला महत्त्व का, यावर अख्खा निबंध लिहिला. त्याच आज्ञा वेगळ्या क्रमाने दिल्या तर मशीन वेगळं होऊ शकतं, आणि कुठला क्रम चालेल हे आधीपासून ओळखणं आपण समजतो त्यापेक्षा फार अवघड आहे. आईला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं. मोहरी तडतडायच्या आधी हळद टाकून बघा.

आता मंडप बघा. मागच्या वर्षीच्या मंडपाला कुणी ठिगळं लावत नाही. उत्सव संपला की शेवटचा बांबूसुद्धा सुटतो, रस्ता मोकळा. पुढच्या वर्षी नव्या नकाशावरून शून्यापासून उभारणी. भिंतीत जुनी वायर राहायला मुळात भिंतच शिल्लक नसते!

नेमकं हेच डोक्यात घेऊन २००३ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा याने निक्स लिहायला घेतलं. २००६ सालचा त्याचा पीएचडीचा प्रबंध मी तीन विकांत खर्चून वाचला (हो, मला छंद कमी आहेत). कल्पना अशी की सॉफ्टवेअर बनवणं म्हणजे गणितातलं फंक्शन. आत तेच गेलं तर बाहेर तेच आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक पॅकेज एका स्वतंत्र फोल्डरात राहतं आणि त्या फोल्डराच्या नावात बत्तीस अक्षरांचा हॅश असतो, तो त्या पॅकेजच्या सगळ्या घटकांवरून काढलेला. कंपायलर बदला, एखादी लायब्ररी बदला, हॅश बदलतो, फोल्डर वेगळं. जुनं जागेवरच राहतं. त्यामुळे नवीन आवृत्ती फसली तर मागे जाणं म्हणजे फक्त एक बाण जुन्या फोल्डराकडे वळवणं. पुढे हीच युक्ती अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमला लावून निक्सओएस झालं.

आणि मग एका मशीनवरून जाळ्यावर उडी. डोल्स्ट्रा, रॉब व्हरमास आणि शी लेव्ही यांनी २०१३ मध्ये जे साधन मांडलं त्याचं नाव शॅरन, म्हणजे ग्रीक पुराणातला मृतांना नदीपार नेणारा नावाडी. (सर्व्हरला असं नाव? नंतर त्याचं निक्सऑप्स झालं, बरं झालं.) त्यात जाळ्याचं वर्णन दोन भागांत लिहायचं. एका भागात, एक वेबसर्व्हर हवा, एक डेटाबेस हवा, पहिला दुसऱ्याशी बोलतो. दुसऱ्या भागात, ही मशीनं नक्की कुठे आहेत, माझ्या लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये की ॲमेझॉनवर. पहिला भाग तोच ठेवून दुसरा बदलला की लॅपटॉपवर तपासलेलं जाळं तसंच्या तसं बाहेर उभं राहतं. वेबसर्व्हरला डेटाबेसचा पत्ता हाताने सांगायचा नाही, नाव घ्यायचं, पत्ता साधन भरतं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे आधी सगळ्या मशीनांसाठी सगळं बांधून होतं. एकाचं जरी बांधकाम फसलं तरी चालू मशीनला बोट लागत नाही.

याची किंमत किती, हे त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत दिसलं होतं. नाईट कॅपिटल ही शेअर बाजारातली बडी कंपनी. जुलै २०१२ च्या अखेरीस त्यांनी आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. हाताने. एका तंत्रज्ञाकडून आठव्यावर चढवायचा राहून गेला आणि दुसऱ्या कुणी तपासलं नाही. त्या आठव्यावर २००३ पासून न वापरलेला एक जुना कोड झोपून होता, आणि नव्या कोडने नेमका त्याचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरायला घेतला होता. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि झोपलेला जागा झाला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाख सौदे, १५४ कंपन्यांचे शेअर, आणि शेवटी ४६ कोटी डॉलरच्या वर तोटा. मधल्या गोंधळात त्यांनी काय केलं असेल? बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला! म्हणजे आता आठही बिघडले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. रात्री तीन वाजता मीही तसंच काहीतरी केलं असतं.

निक्सऑप्स असतं तर नाईट वाचली असती का? आठवा सर्व्हर विसरला गेला नसता, हे नक्की. पण जुना फ्लॅग पुन्हा वापरायचा शहाणपणा कुठल्याच साधनाने अडवला नसता. आणि बांधकाम एकत्र होत असलं तरी आठ मशीनं एका क्षणी पालटत नाहीत, एखादं मागे राहू शकतं. डेल्फ्टच्या सँडर व्हान डर बर्गने २००८ पासून डिसनिक्समध्ये हाच प्रश्न धरला होता, पण तो रस्ता फार लोकप्रिय झाला नाही. २०१४ मध्ये टेराफॉर्म आणि कुबरनेटीस आले आणि "काय हवं ते लिहा" ही भाषा आपल्या सगळ्यांच्या रेझ्युमेत जाऊन बसली.

निक्सऑप्स स्वतः मात्र मागे पडलं. माझ्या मते त्यातली मोठी खोट अशी की कुठलं मशीन कुठे उभं केलं याची नोंद मुळात एका एसक्यूलाईट फाईलमध्ये, ती फाईल डिप्लॉय करणाऱ्याच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप गेला की नकाशा गेला. म्हणजे फिरून तेच, रात्री दोन वाजता सरांना फोन.

जाता जाता एक. आपल्याकडच्या आज्ञापत्रात, रामचंद्रपंत अमात्यांच्या, किल्ल्यांवर एक प्रकरण आहे. गडावर पाणी हवं, दरवाजा एकच असू नये, चोरदिंड्या हव्यात. दगड कसे रचायचे यापेक्षा गड कसा असला पाहिजे यावर भर. एकाच माणसाने सगळे किल्ले डोक्यात ठेवायचे दिवस संपले की असं लिहावंच लागत असणार.

असो. गेल्या शनिवारी घरच्या जुन्या लॅपटॉपवरचं सगळं पुसून नुसत्या फायलीवरून परत उभं केलं. बावीस मिनिटं लागली, मधे चहा झाला. बॅकअपची ओळ त्या फाईलमध्ये आहे, अगदी वरती. आजीचे फोटो मात्र कुठल्याच फायलीतून परत बनत नाहीत, ते वेगळ्या डिस्कवर आहेत. त्या डिस्कवर आईने चिकटपट्टी लावून लिहिलंय, "हात लावू नये."