मानपान (वतनी हक्क)

मानपान म्हणजे गावातील सण, उत्सव, देवस्थान व लग्नकार्य यांत विशिष्ट घराण्याला परंपरेने मिळणारा अग्रक्रम होय. पहिला टिळा, पहिला विडा, होळीची पहिली पोळी, पोळ्याला बैल पुढे नेणे ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. जमीन विकल्यास हा मान खरेदीदाराकडे जातो काय, हा जुना वादविषय आहे.

मराठेशाहीतील व्यवहार

पाटीलकी, कुलकर्ण इत्यादी वतने वंशपरंपरागत असली तरी विकता येत. दुष्काळ, कर्ज वा दंड यांमुळे अडचणीत आलेला पाटील कधी निम्मी पाटीलकी विकत असे. अशा खरेदीखतात जमीन व हक्कांबरोबर मानपानाचीही कलमवार वाटणी लिहिली जाई. कोणता मान कोणी आधी घ्यावा व कोणी मागाहून, हे त्यात स्पष्ट केलेले असे. वडीलपणाचा मान कित्येकदा मूळ वतनदार स्वतःकडे राखी. तंटा झाल्यास गोतसभा निवाडा करी व त्याचा महजर होई. मान वतनाशी निगडित असल्याने निव्वळ शेत घेणाऱ्यास तो मिळत नसे.

आधुनिक कायदा

१८७४ च्या वतन कायद्याने, सरकारच्या मंजुरीवाचून, त्याच वतनातील वतनदाराखेरीज इतरास स्वतःच्या हयातीपलीकडे वतन देण्यास मनाई केली. महाराष्ट्रातील मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदे १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ (कलम ८) अन्वये जमिनीबरोबर वाट, पाणी यांसारखे तिला जोडलेले सुविधाधिकार जातात. मानपान हा तसा अधिकार नव्हे. सात-बारा उताऱ्यातही तो येत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ (कलम ९) अन्वये मालमत्ता वा पद यांविषयी दावा चालतो. केवळ मानासाठी दावा चालत नाही, मात्र पदाला जोडलेला मान मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सिंह रामानुज जीयर खटल्यात स्पष्ट केले.

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे बडवे, उत्पात व सेवाधारी यांचे विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातील वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या अधिनियमाने रद्द करण्यात आले. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकालही शासनाच्या बाजूने लागला.

तुलना

इंग्लंडमध्ये चर्चमधील बाकांवर सामान्यतः सर्व परगणावासीयांचा हक्क असतो व जागा नेमून देण्याचे काम चर्चचे वॉर्डन करतात. मात्र धर्मपीठाच्या परवान्याने वा दीर्घ वहिवाटीने एखादे बाक विशिष्ट घराला जोडले गेले असल्यास, तो हक्क घराबरोबर नव्या मालकाकडे जातो. घरापासून तोडून तो विकता येत नाही. तेथे आसन घराला, तर महाराष्ट्रात मान वतनाला जोडलेला होता.