बिअर लोणच्यासारखी मुरते का? वेगळा फ्रिज नसेल तर ठेवायची कुठे?

काही वाइन जुन्या होतील तशा चांगल्या लागतात, मग बिअर का नाही? तर दुकानात मिळणारी बहुतेक बिअर मुरत नाही, शिळी होते. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागली की समजा, आत ऑक्सिजनने काम केलंय. बाटलीवरच्या ‘स्ट्राँग’ शब्दालाही भुलू नका. भारतात ५ ते ८ टक्के अल्कोहोलच्या बिअरला स्ट्राँग म्हणतात, पण तीही बहुधा लागरच असते आणि लागर ताजीच प्यावी. मुरतात त्या इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइनसारख्या जड बिअर आणि बेल्जियमची आंबट लाम्बिक.

अशी बाटली मुरवायला साधारण १० ते १३ अंश तापमान हवं. शिरगाव-सोमाटणे भागात एवढा गारवा हिवाळ्यातल्या रात्रीच मिळतो. एप्रिल-मेमध्ये पारा ३५च्या पुढे जातो आणि पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच! त्यापेक्षा तळमजल्यावर जिन्याखालचा अंधारा कोपरा बरा. बाटल्या खोक्यात, उभ्या ठेवा. उजेडाने हॉप्समधले घटक बिघडून उग्र वास येतो, हिरव्या बाटलीत तर लवकरच.

खोक्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर उन्हाळ्यात माठासारखा गारवा मिळतो. मावळच्या पावसाळ्यात मात्र हवाच ओली असते, त्यामुळे उपयोग शून्य, वर झाकणं गंजतात.

म्हणून फ्रिजशिवाय वर्षानुवर्षं मुरवायचा बेत सोडा. दिवाळीत ठेवलेली बाटली होळीच्या आत उघडा. आणि हो, महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, शिवाय परवानाही लागतो.