लेदनित्सा सरोवरातलं बेट आणि एक अरबी नोंद

पोलंडमध्ये पोझनान आणि ग्न्येझ्नो या दोन जुन्या शहरांच्या मधे लेदनित्सा नावाचं सरोवर आहे. त्यातल्या ऑस्त्रुव लेदनित्स्की या बेटावर तराफ्यासारख्या छोट्या फेरीने जावं लागतं. मी उतरलो तेव्हा समोर दिसल्या त्या गुडघ्याएवढ्या, कुठे पुरुषभर दगडी भिंती. दहाव्या शतकातला हा राजवाडा आणि त्याला लागून असलेलं चर्च. पोलंडचा पहिला ज्ञात राज्यकर्ता म्येश्को याचं हे एक ठाणं.

एकेकाळी इथे दोन्ही काठांवरून लाकडी पूल येत. पाण्याखाली सापडलेल्या खांबांच्या वर्तुळांवरून त्यांचा काळ इ.स. ९६३-९६४च्या सुमाराचा ठरतो. म्हणजे म्येश्कोने ९६६ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याच्या जरा आधीचा. चर्चच्या जमिनीत दोन उथळ खोलगट जागा आहेत. काही संशोधक त्यांना बाप्तिस्म्याची कुंडं मानतात, काहींना ते मान्य नाही. १०३८-३९मध्ये बोहेमियाच्या ब्रेतिस्लावची स्वारी आली आणि इथलं वैभव संपलं. तळातून कुऱ्हाडी, भाले, तलवारी निघाल्या आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. याच काळातल्या पोलंडचं सर्वांत जुनं सविस्तर वर्णन अरबी भाषेत आहे. अंदलुसमधल्या तोर्तोसाचा ज्यू प्रवासी इब्राहिम इब्न याकूब ९६५च्या आसपास जर्मन सम्राट पहिल्या ओटोच्या दरबारापर्यंत गेला होता. म्येश्कोचा मुलूख धान्य, मांस, मधाने समृद्ध असल्याचं तो सांगतो. राजाकडे तीन हजार चिलखती सैनिक असून त्यांना कपडे, घोडे, शस्त्रं आणि मूल जन्मल्यावर भत्ताही मिळतो, अशी त्याची माहिती. त्याचा मूळ ग्रंथ हरवला. अकराव्या शतकात कॉर्डोबाचा मुस्लिम भूगोलकार अल-बक्री याने आपल्या ग्रंथात उतरवून घेतला म्हणून हा मजकूर वाचला.

१९६६मध्ये पोलंडमध्ये या हजार वर्षांवरून कम्युनिस्ट सरकार आणि चर्च यांच्यात चांगलीच रस्सीखेच झाली. एकाला राज्याचा सोहळा हवा होता, दुसऱ्याला धर्माचा. पण या राज्याची जुनी साक्ष एका ज्यू माणसाने दिली आणि एका मुसलमानाने जपली. भूतकाळाची मालकी सांगणाऱ्यांनी, मग ते कुठल्याही देशातले असोत, साक्षीदारांची नावंही वाचावीत.