खिशातला चाकू आणि कमरेचा कोयता

जुनी नाणी, जुनी तिकिटे, जुन्या तलवारी जमविणारे लोक आपल्या परिचयाचे आहेत. परंतु खिशात मावणारे घडीचे चाकू जमविण्यात आयुष्य वेचणारेही लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. त्यांच्या छंदाचा थोडा वृत्तांत सांगून मला जव्हार-मोखाड्याच्या कोयत्याकडे वळावयाचे आहे. कारण एकाशेजारी दुसरा ठेवला म्हणजे दोघांचेही दैव नीट दिसते.

एकोणिसाव्या शतकात बराच काळ अमेरिकेच्या बाजारात इंग्लंडातील शेफील्डच्या चाकूंचे राज्य होते. १८९० साली मॅकिन्ले यांच्या नावाने ओळखला जाणारा जकातीचा कायदा झाला, परदेशी मालावर जबर जकात बसली, आणि तेथील देशी कारखान्यांस बरकत आली. बार्लो नावाचा साधा, दणकट चाकू तर त्याआधीपासूनच पोरासोरांचा जीव की प्राण होता. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या कादंबरीतील टॉम सॉयर याला बायबलातील वचनांच्या पाठांतराबद्दल साडेबारा सेंट किमतीचा असाच चाकू मिळतो, तेव्हा त्याला स्वर्ग दोन बोटे उरतो.

असे चाकू जमविणारा गृहस्थ प्रथम पात्याचे बूड पाहतो. तेथे कारखान्याचा ठसा असतो, आणि ठशाच्या वळणावरून चाकूचे वय निघते. केस नावाच्या कारखान्याने १९७० पासून ठशाखाली दहा ठिपके देऊन दरसाल एकेक कमी करण्याची रीत घातली. ठिपके मोजले की साल हाती आले! पाते दगडावर घासून बारीक झालेले असेल तर किंमत उतरते. ज्याने कधी पेन्सिलसुद्धा तासली नाही तो चाकू सर्वांत महाग. हत्याराने जन्मभर रिकामे बसावे आणि त्याबद्दलच त्याला मान मिळावा, हा न्याय मला तरी चमत्कारिक वाटतो.

आपल्याकडे पुण्याच्या दिनकर केळकरांची दृष्टी निराळी होती. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारापासून दिवे, दौती, अडकित्ते अशा घरगुती वस्तू गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहास दिले, आणि १९७५ मध्ये तो सरकारच्या हवाली केला. पक्ष्यांच्या, घोड्यांच्या आकाराचे ते अडकित्ते पाहिले म्हणजे सुपारी कातरणाऱ्या माणसांचा काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. अडकित्ता पानदानात सुखाने राहतो, म्हणून तो टिकला.

जव्हारच्या डोंगरावरील कोयत्याला ते सुख नाही. मुकणे घराण्याचे हे कोळी संस्थान चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत नांदले. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज येथे थांबले, ही आठवण शिरपामाळाच्या नावात जपलेली आहे. राजांचा इतिहास असा नावांत, वाड्यांत, शस्त्रांत उरतो. परंतु वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर यांच्या कमरेला लटकणारा कोयता? उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून शेतात राब भाजावयाचा, तो कोयत्याने. बांबू चिरावयाचा, कुंपणाची मेढ तासावयाची, तीही त्यानेच. लोहाराचा ठसा त्यावर सहसा नसतो. धार गेली की दगडावर घासतात, पाते झिजले की पुन्हा भट्टीत घालतात, आणि अगदीच निकामी झाले की त्याच लोखंडाचे खुरपे होते. आता तर मोटारीच्या कमानपाट्याचेही कोयते घडतात. शंभर वर्षांपूर्वीचा कोयता हाती लागणे कठीण, ते त्यामुळेच. तो हरवला नाही, कामातच संपून गेला.

म्हणून ज्यांना ही हत्यारे राखावयाची असतील त्यांनी नवाकोरा नमुना शोधू नये. झिजलेलाच उचलावा, आणि धन्यास त्याच्या जागी नवा घेऊन द्यावा. त्यास धार लावू नये, रोगण फासू नये. गाव कोणते, लोहार कोण, पात्याला एवढाच वाक का दिला, मूठ कोणत्या लाकडाची, हे धन्याकडून विचारून चिठ्ठीवर लिहावे व चिठ्ठी कोयत्यालाच बांधावी. आणि हे काम भंगारवाल्याचा काटा गावात येण्यापूर्वी करावे. त्या काट्यावर कोयता आणि फुटकी कढई एकाच भावाने जातात.